अनुमोदन फक्त माझं

एका रविवारी सकाळी नऊ वाजता मी एकोणचाळीस सूचना ठार केल्या. त्यातल्या सात माझ्याच होत्या. त्या वेळी मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी घालत होते आणि आपण काय केलंय याचा मला पत्ताही नव्हता. काम माझ्या वतीने माझा प्रोग्रॅम करत होता, आणि त्याला त्या कामावर मीच बसवलं होतं, पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना.

तेव्हा मी अवघी सहासष्ट वर्षांची होते. आता सत्तरीला टेकले आहे आणि बरीच शहाणी झाले आहे, असं माझं मत आहे. आमच्या घरात या मताला अजून अनुमोदक मिळालेला नाही. नातीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आजी, म्हणजे यात व्हिलन तूच आहेस." मी म्हटलं, आहे, पण पुरतं ऐकून तर घे. व्हिलनलाही काही म्हणायचं असतं.

मला म्हणायचं होतं ते एवढंच, की मला मत्सर वाटत होता. आमच्याकडच्या बायकांना मत्सर वगैरे वाटत नाही, त्यांना फक्त 'जरा वाईट वाटतं'. मला वाईट वाटत नव्हतं. मी जळत होते.

तसा मला या कामाचा जुना अनुभव आहे. सत्ताविसाव्या वर्षी मी पिंपरीच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. संगणकाची खोली थंडगार असायची आणि आत जाताना देवळात शिरल्यासारख्या चपला बाहेर काढाव्या लागायच्या. प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून द्यायचा. माझ्या शेजारच्या मुलीचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालायचा, माझा चौथ्या. तिच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड उलटं घातलं तर काय होईल, याचा मी आठ दिवस विचार केला. केलं नाही. सज्जनपणा आडवा आला असं समजू नका. ती गठ्ठा कुलपात ठेवायची. माझा चेहरा तिने वाचला असावा.

निवृत्त झाल्यावर मी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर गेले. तिथे एक जुनी तक्रार होती, लोक पुस्तकं परत करत नाहीत. वाचनालयातल्या बाई रोज यादी काढून एकेकाला फोन करायच्या आणि निम्मे लोक त्यांनाच उलट विचारायचे, "कुठलं पुस्तक?" मी घरी बसून एक प्रोग्रॅम लिहिला. मुदत संपायच्या दोन दिवस आधी सभासदाला निरोप. पुस्तक आलं, की ते ज्याने मागून ठेवलंय त्याला निरोप. नाही आलं, तर आठवण. तीन आठवणी झाल्या, की नाव बाईंच्या यादीत. एक काम झालं की पुढचं, ते झालं की त्याच्या पुढचं, कुणी काही लक्षात न ठेवता. याला वर्कफ्लो ऑटोमेशन म्हणतात हे मला नंतर कळलं. आम्ही आपलं 'साखळी' म्हणायचो.

हा प्रोग्रॅम मी ओपन सोर्स केला, म्हणजे इंटरनेटवर उघडा ठेवला. ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा, आत काय आहे ते बघावं, बदलावं, आणि बदल चांगला झाला असेल तर परत आणून द्यावा. आणलेला बदल घ्यायचा की नाही हे ठरवायची चावी फक्त माझ्याकडे. अर्थात एखाद्याला माझं पटलं नाही, तर तो सगळा कोड उचलून वेगळी चूल मांडू शकतो. ओपन सोर्समध्ये त्याला कुणी घर फोडणं म्हणत नाही, उलट हक्क म्हणतात. हे सगळं मी लोकांना मोठ्या अभिमानाने समजावून सांगायचे, कारण तोपर्यंत कुणी तसं केलं नव्हतं.

त्यात मी आमच्या कार्यकारिणीची एक पद्धत आणली. वाचनालयात ठराव मांडायचा तर सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. अनुमोदक मिळाला नाही, तर ठरावावर चर्चासुद्धा होत नाही. कुणाला काही न बोलता तो आपोआप मरतो. आमच्याकडे कित्येक माणसांचा मान आणि कित्येक मैत्र्या या एका सोयीमुळे टिकल्या आहेत. तेव्हा प्रकल्पातही मी तेच लावलं. कुणीही सूचना लिहावी, खाली दुसऱ्या कुणीतरी 'अनुमोदन' असं लिहावं, मगच ती पुढे जाईल. हे बघायचं कामही मी साखळीलाच दिलं.

मग ती आली.

यवतमाळकडची. नोकरी हिंजवडीत, राहायला विश्रांतवाडीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोज कंपनीच्या बसने जायचं आणि यायचं. इतर लोक त्या बसमध्ये झोपतात. ही माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायची.

पहिली चूक तिने काढली ती अशी. एखाद्याने पुस्तक परत केलं आणि त्याच दिवशी तेच पुस्तक पुन्हा नेलं, की माझा प्रोग्रॅम गोंधळायचा आणि त्याला जुन्या मुदतीची आणि नव्या मुदतीची अशा दोन्ही आठवणी पाठवायचा. मला हे माहीत होतं. दुरुस्तीला निदान चाळीस ओळी लागतील या भीतीने मी सहा महिने तिकडे बघत नव्हते. तिने तीन ओळींत केली. मी त्या तीन ओळी दिवसभर बघत बसले. दुसरीच्या नेसण्यात खोट काढायला निऱ्या मोजाव्यात तशा मोजल्या. खोट नव्हती. शेवटी खाली लिहिलं, "ठीक." याहून कमी शब्द मला सापडला नाही.

पुढे ती शनिवारी घरी यायला लागली. आमचे हे निवृत्त मुख्याध्यापक. कुणी तरुण माणूस समोर बसून शेवटपर्यंत ऐकतो आहे म्हटल्यावर त्यांना ती आवडणारच होती.

"मुलगी हुशार आहे," ती गेल्यावर एकदा ते म्हणाले.

"हं."

"आणि नम्र आहे."

"अहो, तुमचा रोख कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. तूही हुशार आहेसच की."

नम्रतेपाशी येण्याआधी त्यांनी पेपर उघडला.

माझी साखळी लिहावी लागायची. कुठल्या कामानंतर कुठलं काम, हे ओळीने, ठरावीक शब्दांत, स्वल्पविरामसुद्धा न चुकता. मला त्यात काही अवघड वाटत नव्हतं. मला तर त्यात एक शिस्त वाटायची. तिने पडद्यावर चौकोन आणले. एका चौकोनात 'पुस्तक आलं', दुसऱ्यात 'निरोप पाठवा', बोटाने ओढून एकाला दुसरा जोडला की झाली साखळी. चार महिन्यांत दोन दवाखाने, एक शिवणक्लास आणि लक्ष्मी रस्त्यावरचं एक चष्म्याचं दुकान आमचा प्रोग्रॅम वापरायला लागले. मी एवढ्या वर्षांत एक वाचनालय मिळवलं होतं, आणि तेही कार्यकारिणीवर असल्यामुळे.

हे एक वेळ मी सहन केलं असतं. पण एका दुपारी बघते तर ह्यांनी आपल्या गोळ्यांची साखळी तयार केलेली. सकाळची गोळी घेतली की खूण, नाही घेतली तर नऊला आठवण, दहाला पुन्हा आठवण. सहा वर्षं हा प्रोग्रॅम यांच्याच घरात, यांच्याच जेवणाच्या टेबलावर वाढला, आणि यांनी कधी त्याला हात लावला नव्हता.

"कधी केलंत हे?"

"मागच्या शनिवारी. तिने दाखवलं. पाच मिनिटं लागली."

"माझ्याकडून कधी शिकला नाहीत."

"तुझं अवघड होतं गं," ते म्हणाले, जणू मी भाजीत तिखट जास्त घातलं होतं.

त्यानंतर आमच्या चर्चेच्या पानावर एका नव्या माणसाने विचारलं, हा प्रकल्प कुणाचा आहे? चष्म्याच्या दुकानवाल्याने तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'सदाशिव पेठेतल्या एक काकूही मदत करतात.' मी मदत करत होते. माझ्याच प्रोग्रॅमला. तिने तासाभरात खाली दुरुस्ती केली, 'काकूंनीच सुरू केला आहे, मी खूप नंतर आली.' हे तर मला त्याहून झोंबलं. माझी ओळख करून द्यायला आता तिची गरज पडत होती.

अशा मनःस्थितीत प्रकल्पाची पुढची तीन वर्षं ठरवायची वेळ आली. मीच जाहीर केलं, सगळ्यांनी सूचना लिहाव्यात, त्यावर 'भविष्य' असा शिक्का मारावा, आणि सहा आठवड्यांनी रविवारी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसून काय ते ठरवू. सूचना आल्या एकोणचाळीस. माझ्या सात. मागे वळून बघते तेव्हा माझ्या सातही सूचनांचा अर्थ 'आहे तसंच राहू द्या' एवढाच होता, पण सात वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहिल्यामुळे तो योजनेसारखा दिसत होता.

तिच्या पाच होत्या. एक, आपली साखळी इतर प्रोग्रॅमना जोडता यावी. दुसरी, आलेलं पत्र एआयने वाचून ते कुठल्या साखळीत जायचं ते सांगावं. तिसरी आणि चौथी मी नीट वाचलीच नाही, कारण तोवर माझी नजर पाचवीवर गेली होती. 'बदल स्वीकारायची चावी काकूंबरोबर आणखी एका माणसाकडे असावी. सगळा भार त्यांच्यावर पडतो.'

भार. हा शब्द मी दोन दिवस चघळला. माझ्या पाठीमागे माझी व्यवस्था लावली जात असती तर एक वेळ चाललं असतं. इथे ती माझ्या समोर, माझ्याच पानावर लावली जात होती. खाली बारा जणांनी अनुमोदन लिहिलं होतं. चष्मेवाल्याने दोनदा. तो 'आणखी एक माणूस' कोण, हे कुणीच लिहिलं नव्हतं, आणि लिहायची गरज नव्हती.

म्हणजे त्या रविवारी खरं ठरणार होतं ते एकच. हा प्रकल्प माझा राहणार की तिचा होणार. मी सरळ नाही म्हटलं असतं, तर ती वेगळी चूल मांडणार, ते बारा जण तिच्यामागे जाणार आणि मी माझी चावी कमरेला लावून रिकाम्या घरात बसणार, हे मला दिसत होतं. म्हणून मला नाही म्हणायचं नव्हतं. मी नाही न म्हणता तिच्या सूचना बाद व्हायला हव्या होत्या.

त्या मंगळवारी हे दुपारचे झोपले होते. मी लॅपटॉप उघडून अकरा ओळींचा एक नियम लिहिला. ज्या सूचनेवर 'भविष्य' असा शिक्का आहे, तिला संस्थापकांचं अनुमोदन लागेल, बाकीच्यांचं धरलं जाणार नाही. बैठकीच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत ते आलं नाही, तर सूचना बंद होईल आणि सूचकाला आभाराचा निरोप जाईल. बस. मला ज्या आवडतील त्यांना मी अनुमोदन देईन, तिच्या पाचांकडे बघणार नाही, आणि रविवारी दहा वाजता म्हणेन, अरेरे, राहूनच गेलं बघ. प्रत्येक बदलाबरोबर तो कशासाठी केला हे एका ओळीत लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. मी लिहिलं, 'किरकोळ साफसफाई.' माझे बदल दुसरं कुणी तपासत नसे. चावी माझ्याकडे होती ना.

ते पाच आठवडे मी मोठ्या मनाने अनुमोदनं वाटली. वाचनालयातल्या बाईंना दिलं, दवाखान्याच्या डॉक्टरांना दिलं, मन मोठं करून चष्मेवाल्यालाही दिलं. माझ्या सात सूचनांना मीच दिलं. सूचकाने स्वतःला अनुमोदन देऊ नये ही अट इतरांसाठी होती. एका शनिवारी तिने विचारलं.

"काकू, माझ्या सूचना वाचल्या का?"

"वाचते आहे."

"चार आठवडे झाले न."

"मोठ्या आहेत गं. नीट वाचायला नकोत का?"

"एकेक दोन ओळींची आहे," ती म्हणाली, आणि हसून ह्यांनी केलेला चहा प्यायली. मला वाटलं हिला काही कळलं नाही. सहासष्टाव्या वर्षी माणसाला आपल्या हुशारीबद्दल फार खात्री असते.

रविवारी पोहे खाऊन, बरी साडी नेसून, मी पावणेदहाला वाचनालयात पोचले. फोन पर्समध्ये होता. वरच्या खोलीत वीसेक जण आलेले आणि सगळ्यांचे फोन हातात. डॉक्टर जिन्याशीच उभे होते.

"काकू, माझी सूचना समाप्त झाल्याचं कळलं. दुखवट्याला कुणाकडे जायचं?"

त्यांनी फोन पुढे केला. 'विहित मुदतीत आवश्यक अनुमोदन न मिळाल्याने आपली सूचना समाप्त करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.' ही भाषा माझीच. पण ही सूचना मी स्वतः अनुमोदन दिलेली.

"सगळ्यांच्याच समाप्त झाल्यात," वाचनालयातल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही प्रकल्प बंद करताय का? सांगा हो स्पष्ट. मला पुन्हा फोन करायला लागायचं असेल तर सोमवारपासून घसा सांभाळीन."

"तुमच्याही गेल्या, काकू," चष्मेवाला म्हणाला. "सातच्या सात."

"माझ्या कशा जातील?"

हे मी नको इतक्या मोठ्याने म्हटलं. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं. लोकांच्या डोळ्यांत बघणं हा त्याचा धंदाच आहे.

ती तोपर्यंत पुढे बसून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडत होती. भिंतीवर आमचा कोड दिसायला लागला. ती खाली खाली सरकत गेली आणि मला एकदम आठवलं की ओपन सोर्समध्ये काहीच लपत नाही. प्रत्येक ओळीच्या बाजूला ती कुणी लिहिली, कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कशासाठी, सगळं असतं. हे मी दहा ठिकाणी भाषणात सांगितलं होतं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. माझ्या अकरा ओळी भिंतीवर येतात न येतात, तोच भिंत निळी झाली.

"वायर हलली," ती म्हणाली. वायर तिच्या हातात होती.

मग ती एकटीच लॅपटॉपवर वाचत राहिली. मी मागून वाकून बघितलं आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. प्रकल्प सुरू करताना मी जे खातं उघडलं होतं त्याचा पासवर्ड हरवला म्हणून मी दुसरं उघडलं होतं आणि गेली चार वर्षं सगळं त्या दुसऱ्यातूनच करत होते. नियमात मात्र 'संस्थापक' म्हणून मी जुन्या खात्याचं नाव घातलं होतं. प्रोग्रॅम पाच आठवडे इमानाने त्या बाईंच्या अनुमोदनाची वाट बघत होता, ज्या चार वर्षं फिरकल्याच नव्हत्या. माझं अनुमोदन त्याच्या लेखी कुणा परक्या बाईचं होतं. त्याने मला ओळखलं नाही, आणि सगळ्यांना सारखं वागवलं.

"नियमात काकूंचं जुनं खातं राहिलंय," ती सगळ्यांना म्हणाली. "म्हणून कोणाचंच अनुमोदन धरलं नाही. पाच मिनिटं द्या, सगळ्या परत उघडते."

"पण असला नियम घातला कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"असेल जुना एखादा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिने मला झाकलं होतं. तारीख, वार, 'किरकोळ साफसफाई', सगळं तिने वाचलं होतं आणि वायर काढून हातात धरली होती. इथे एखाद्या बऱ्या बाईचे डोळे भरून आले असते. मला आला तो राग. कोड हिचा चांगला, चौकोन हिचे, माझ्या नवऱ्याच्या गोळ्या हिच्या चौकोनात, आणि आता मोठेपणाही हिचाच? निदान एक गोष्ट तरी हिच्या आधी माझ्या नावावर लागू दे, एवढ्या एकाच हेतूने मी उभी राहिले.

"जुना नाही," मी म्हटलं. "पाच आठवड्यांचा आहे. मी घातला."

"कशाला?" बाईंनी विचारलं.

"हिच्या पाच सूचना मराव्यात म्हणून."

"मग आमच्या काय म्हणून मारल्यात?"

"त्या चुकून."

चष्मेवाल्याने थोडा विचार केला. "म्हणजे हेतू वाईट होता," तो म्हणाला, "आणि तेही काम नीट जमलं नाही."



ती मान खाली घालून सूचना एकेक करून उघडत होती. एकोणचाळिसावी उघडल्यावर डॉक्टर म्हणाले, आता चावीचं आधी घेऊ, उगीच लोंबकळत नको. ज्यांना ही सूचना मान्य आहे त्यांनी हात वर करावा. हात वर व्हायला लागले. मीही केला. लगेच नाही, आधी किती झाले ते मोजले, आणि माझ्या हाताने काही फरक पडणार नाही याची खात्री झाल्यावर केला. मग त्या दुसऱ्या माणसाचं नाव कोण सुचवणार, असा प्रश्न आला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. चांगलीच गंमत होती. मी तिचं नाव घेतलं. अनुमोदन द्यायला एका वेळी सहा जण बोलले. सहा जणांनी एवढी घाई करायची गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढचं काम पटापट झालं. इतर प्रोग्रॅमना जोडायचं ठरलं. माझ्या सातांपैकी दोन टिकल्या. एआयच्या सूचनेवर मी एक अट घातली, की यंत्राने पत्र वाचून काही ठरवलं, तर ते आधी एका माणसाने बघावं, मगच पुढचं पाऊल पडावं. मी नुकतंच काय करून ठेवलं होतं ते बघता या विषयातला माझा अधिकार सगळ्यांनी एकमताने मान्य केला. अनुमोदन तिने दिलं. तेवढं मला गोड लागलं, आणि गोड लागलं म्हणून पुन्हा स्वतःचा राग आला.

साडेबारा वाजता सगळे पांगले. खाली रस्त्यावर ती कुणाची तरी मागून आणलेली स्कूटर काढत होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळून झाला होता, फक्त डोळे दिसत होते. मला तसंच घरी जाता आलं असतं. पण पाच आठवडे ज्या भीतीने मी हा सगळा उद्योग केला, ती खरी होती की खोटी, ते मला जाणून घ्यायचं होतं.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "मी नाही म्हटलं असतं, तर तू वेगळी चूल मांडली असतीस ना?"

तिने स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली, स्कार्फ सोडला, आणि म्हणाली ते जसंच्या तसं देते.

"मांडली होती न, काकू. मागच्या उन्हाळ्यात. सगळं उचलून नेलं, नवीन नाव दिलं, आणि वापरायला एकच जण भेटला, माझा मोठा भाऊ, त्याच्या बियाण्याच्या दुकानात. रोज सकाळी तुम्ही इकडे काय लिहिलं ते मी बसमध्ये पाहायची आणि तसंच्या तसं माझ्याकडे उतरवून घ्यायची. एक दिवस तुम्ही चूक केली, ती पण मी न वाचताच उतरवली. गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांना एकाच सकाळी निरोप गेला, तुमचं बियाणं आलं म्हणून. भाऊ फोनवर ओरडून राहिला होता, आणि मी इकडे तुमची दुरुस्ती कधी येते ते पाहून राहिली होती. तेव्हाच बंद केलं सगळं. आता पुढच्या वेळेस माझी सूचना पटली नाही, तर तिच्या खाली सरळ 'नाही' लिहा, आणि काहून नाही ते पण लिहा. मी चांगली भांडते."